एकही गड्डी परत आली नाही

फुलांच्या घाऊक बाजारात त्याला सगळे बोकड म्हणायचे. मागून नव्हे, तोंडावर म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. कारण उघड होतं. बाजारात शिरणारा माणूस आधी गुलाब बघतो, लिली बघतो, जरबेऱ्याच्या रंगांपाशी घुटमळतो. हा गडी फाटकातून आत आला की फुलांच्या गाळ्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट मागच्या पत्र्याच्या शेडकडे चालू लागायचा. तिथे नुसता पाला यायचा. नेचा, निलगिरी, शतावरी, रुंद पानांच्या आणि पट्टेदार पानांच्या जुड्या. पाल्यावर जगतो तो बोकड, असं एकदा गुलाबवाला सगळ्यांसमोर म्हणाला, आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच.

काम दोघा भावांचं होतं. शहरातल्या फुलांच्या दुकानांसाठी पहाटे माल घ्यायचा, व्हॅनमध्ये भरायचा आणि शटर वर जायच्या आत ज्याच्या त्याच्या दारात पोचवायचा. दुकानदारांना झोप प्यारी असते, आणि बाजारातला गारठा सोसत नाही. त्यांच्या वतीने हे दोघे गारठायचे. फुलं थोरल्याने घ्यायची, पाला धाकट्याने. थोरला म्हणजे दादा. बोकडाचाच नव्हे, अख्ख्या बाजाराचा दादा. पण त्याला दादा म्हणायचं ते वयामुळे नव्हे, हातामुळे.

हा हात काय चीज होती ते सांगायला हवं. गुलाबाची कळी देठाला जिथे जुळते, तिथे अंगठा आणि पहिलं बोट लावून हलकेच दाबायचं. आतून घट्ट लागली तर फूल ताजं. मऊ लागली तर वरून कितीही टवटवीत दिसो, परवाचं. विक्रेते काही भोळे नसतात. वरच्या सुकलेल्या पाकळ्या सोलून टाकतात, देठांची काळी पडलेली टोकं छाटून नवी करतात, वर पाण्याचा फवारा मारतात, की फूल नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसतं. डोळ्यांना असं फसवता येतं. बोटांना येत नाही, निदान दादाच्या बोटांना तरी येत नव्हतं. गप्पा मारता मारता, दुसरीकडे बघत तो कळी दाबायचा आणि क्रेट मागे सारायचा. गुलाबवाला कपाळावर हात मारून घ्यायचा आणि खालचं, लपवून ठेवलेलं क्रेट वर काढायचा. त्यात भांडण नसे, हा त्यांचा रोजचा नमस्कारच होता म्हणा ना.

असा हात बोकडाला का नव्हता? तर एकदा संधी मिळाली होती. वडील आधीच गेले होते, मग आईही गेली, आणि दादाने शाळा सोडून या बाजारात क्रेट उचलायला सुरुवात केली. धाकट्याला त्याने शिकवलं, जेवू घातलं, तापात रात्र रात्र उशाशी बसला. पुढे स्वतःचा धंदा झाल्यावर एक दिवस म्हणाला, जा, आज गुलाब तू घे. बोकडाने घेतले. इतके सुंदर गुलाब त्या दिवशी बाजारात दुसरे नव्हते. पूर्ण उमललेले, पाकळी न् पाकळी उघडलेली. दुपारपर्यंत सगळ्या दुकानांत पाकळ्यांचा सडा पडला. दादा रागावला नाही. हसत म्हणाला, "अरे, दुकानासाठी फूल घ्यायचं ते मिटलेलं. उमललेल्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. तुला उघडं फूल बघितलं की दया येते. तू आपला पाला घे, पाला कुणाला रडवत नाही."

त्या दिवसापासून तो पाल्यात गेला, आणि खोटं कशाला बोला, रमला. नेच्याची जुडी उचलून एकदा झटकायची. पानं गळली नाहीत तर घ्यायची. निलगिरीचं पान मध्यातून दुमडायचं. कडकन मोडलं तर जुनं. पाल्याशिवाय गुच्छ म्हणजे टकलावर टोपी नसल्यासारखा, असं तो म्हणायचा. पण गिऱ्हाईक दुकानात येतं ते गुलाबांसाठी, हेही त्याला ठाऊक होतं. त्याचं लग्नसुद्धा असंच ठरता ठरता राहिलं. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? वहिनीने सरळपणाने सांगितलं, पाला घेतो. पुढचं बोलणं चहाबरोबर थंड झालं. मग तो माडीवरच्या खोलीत एकटा राहिला आणि खाली दादा-वहिनींच्या घरात जेवत आला. दादाला मूलबाळ नव्हतं. वहिनी कधी चिडली की म्हणायची, आहे की एक, चाळिशी उलटलेला.

त्या थंडीत ते पहिल्यांदा घडलं. बोकड नेच्याच्या जुड्या घेऊन व्हॅनपाशी आला. दादाने गुलाबांची क्रेट आधीच चढवली होती आणि तो चहाच्या टपरीवर गेला होता. जुड्या ठेवायला जागा करताना बोकडाने एक क्रेट पुढे ओढलं आणि त्याची नजर देठांच्या टोकांवर गेली. टोकं छाटायचीसुद्धा तसदी कुणी घेतली नव्हती. काळी होती, बुळबुळीत होती. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि एक कळी दाबली. मऊ. दुसरी दाबली. तीही मऊ. हात नसलेल्या माणसालाही कळावं इतकी मऊ होती.

तो क्रेट खांद्यावर टाकून गुलाबवाल्याकडे गेला.

"हे काय दिलंस दादाला?"

"मी दिलं नाही, त्याने घेतलं," गुलाबवाला म्हणाला. तो पोट सुटलेला, सदा चेष्टेखोर माणूस. पण त्या वेळी चेष्टा करत नव्हता. "परत पाठवायचं क्रेट होतं ते, चुकून पुढे राहिलं. मी म्हणणार होतो, दादा, ते राहू दे. तोवर त्याने तीन-चार गड्ड्या दाबल्या आणि म्हणाला, हे चढव."

"आणि तू चढवलंस."

"धंद्याला बसलोय बोकडा, देवळात नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "आण, बदलून देतो. पण एक ऐक. तुझ्या दादाचा हात गेला."

"तुझी जीभ जाईल आधी. थंडी आहे. बोटं बधिर झाली असतील."

"थंडी मलाही आहे," गुलाबवाला म्हणाला, आणि खालचं क्रेट काढून त्याच्यापुढे ठेवलं.

बोकडाने नवे गुलाब व्हॅनमध्ये लावले, वर नेहमीसारखं ओलं गोणपाट टाकलं. दादा चहा पिऊन आला, त्याच्यासाठी कागदी पेल्यात चहा घेऊन आला, आणि म्हणाला, "आज गुलाब झकास मिळालेत." बोकड म्हणाला, "हो ना." ते खरंच झकास होते.

आता कुणी म्हणेल, त्याच दिवशी का नाही सांगितलं? सांगणं सोपं असतं, ज्याला सांगायचं त्याचा तो बाजार नसला तर. त्या बाजारात माणसाचा हात गेला की ते त्याच्या बायकोच्या आधी विक्रेत्यांना कळतं. कार्नेशनची फुलं घेणारा एक म्हातारा होता, कधीकाळी दादाच्या तोडीचा. त्याचा हात गेला तशी परवाची क्रेट त्याच्या पुढ्यात सरकू लागली, दुकानदारांनी एकेक करून पाठ फिरवली, आणि म्हातारा तरीही रोज यायचा, काही न घेता गाळ्यांसमोर उभा राहायचा. पोरं त्याच्या हातात सुकलेली फुलं देऊन विचारायची, काका, कसं आहे? आणि तो दाबून सांगायचा, फर्स्ट क्लास. सगळे हसायचे. हसणाऱ्यांत बोकडही असायचा. आपल्या दादाच्या हातात कुणी सुकलेलं फूल ठेवलेलं त्याला बघवलं नसतं. जीव गेला तरी बघवलं नसतं. असं तो मनात म्हणाला, आणि जीव कुणाचा, याचा विचार त्याने केला नाही.

थंडी सरली. बोटं काही सुधारली नाहीत. आज ठीक, उद्या चूक, असं काही दिवस चाललं, मग रोजच चूक होऊ लागली. बोकडाने आपली एक रीत बसवून टाकली. पाल्याची खरेदी तो आधीच उरकायचा, दादा टपरीवर गेला की क्रेट तपासायचा आणि वाईट गड्ड्या पाल्याच्या पोत्यात घालून गुलाबवाल्याकडे न्यायचा. गुलाबवाला न बोलता बदलून द्यायचा. लिलीवालीलाही विश्वासात घ्यावं लागलं. ती म्हणाली, "मी आजवर दादाला जुना माल दाखवला नाही, आता तर मुळीच दाखवणार नाही." आणि तिने दाखवला नाही. एका माणसाच्या भोवती सगळ्यांनी मिळून असं एक गोड खोटं विणलं, आणि तो माणूस त्यात सुखाने फिरत राहिला.

बोकड मात्र शिकत गेला. घट्ट आणि मऊ यांच्या मधल्या पायऱ्या त्याच्या बोटांना लागू लागल्या. हे कालचं संध्याकाळचं, हे कालचं सकाळचं. आपल्यालाही हात आहे, हे इतक्या वर्षांनी त्याला कळलं, तेही चोरून. आणि त्यात त्याला सुख वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. जन्मभर ज्याने आपल्याला सांभाळलं त्याला आता आपण सांभाळतोय, आणि त्याला पत्ताही नाही. पहाटे व्हॅनवर गोणपाट टाकताना त्याची छाती फुगायची. दादा म्हणायचा, "काय रे, हल्ली पाल्यात फारच खूश दिसतोस?" तो म्हणायचा, "माल चांगला येतोय दादा."

दुकानदार कौतुक करायचे. त्यांचं कौतुक म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी ती जात. पण कोपऱ्यावरची दुकानवाली बाई, जी चांगल्या फुलालाही नाक मुरडायची, तीसुद्धा एकदा दादाला म्हणाली, "तुमचे गुलाब माझ्याकडे आठवडाभर टिकतात हो." दादा त्या दिवशी घरी येईपर्यंत गुणगुणत होता. बोकडाने त्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं. अगदी शब्दसुद्धा जुळवले होते. ते गुणगुणणं ऐकलं आणि त्याने शब्द गिळले.

घरातही चाहूल लागली होती. जेवताना दादाच्या हातून घास सांडायचा. सकाळी शर्टाची बटणं वहिनी लावू लागली. ती लावताना पुटपुटायची, "लग्नात एवढं लाडावलं नव्हतं मी." दादा म्हणायचा, "सकाळभर बर्फासारख्या पाण्यात हात असतात. आमच्या धंद्यात ज्याची बोटं बधिर नाहीत तो कामचुकार." वहिनी बोकडाकडे बघायची. बोकड आपली बोटं पुढे करून म्हणायचा, "माझीही तशीच आहेत वहिनी." ती नव्हती तशी. त्याच्या बोटांना तर आता पूर्वी कधी नव्हतं इतकं कळत होतं.

एकदा गुलाबवाल्याने त्याला पोत्यासकट अडवलं.

"बोकडा, आज अर्ध्याहून जास्त आहेत परत."

"मग?"

"मग काय? हात म्हातारा होतो तो असा धाडकन होत नाही. हळूहळू होतो. तो परवा गाळ्याची पायरी चढताना पाय फरपटत होता, मी पाहिलं. डॉक्टरला दाखव त्याला."

"काय सांगून नेऊ? दादा, तुला गुलाब कळत नाहीत, म्हणून?"

"हो, तेच सांगून."

बोकडाने पोतं खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांपुढे तो कार्नेशनवाला म्हातारा आला, हातात सुकलेलं फूल घेतलेला. "बघतो," तो म्हणाला. आणि त्याने बघितलं नाही.

उन्हाळा लागला तसा एक दिवस दादा व्हॅनमधून उतरताना पडला. हसला, म्हणाला, पाय झोपला होता. दुसऱ्या दिवशी उठताना पुन्हा पडला, आणि त्या वेळी त्याला हसता आलं नाही. दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, फोटो काढले, त्या घरघरणाऱ्या बोगद्यात झोपवलं. मानेच्या मणक्यात गाठ निघाली. वाढत वाढत तिने आतल्या नसांच्या दोरीला सगळीकडून आवळलं होतं.

डॉक्टरीण तरुण होती, आवाज मऊ होता. तिने दादाला काही सांगितलं नाही, बाहेर येऊन वहिनीला आणि बोकडाला बाकावर बसवलं.

"अशा गाठीची सुरुवात बहुतेक वेळा बोटांपासून होते. स्पर्श कळेनासा होतो, बारीक काम जमेनासं होतं. त्याच वेळी आले असते तर काढता आली असती. आता हात लावणंही धोक्याचं आहे. यांच्या हातांना कधीपासून कळत नव्हतं?"

वहिनी गोंधळली. "बटणं लागत नव्हती. पण ते म्हणायचे गार पाण्याने होतं. यांचा सगळा धंदाच हाताचा आहे हो. हाताला कळत नसतं तर धंदा कसा चालला असता?" आणि ती बोकडाकडे वळली. "भावजी, तुम्ही रोज बरोबर असता. कामात काही जाणवलं नाही तुम्हाला?"

डॉक्टरीण बोकडाकडे बघत होती, वहिनी बघत होती.

"नाही वहिनी," तो म्हणाला.

डॉक्टरिणीने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बोकड उठून जिन्याकडे गेला आणि कठडा धरून उभा राहिला. लोखंडाचा गारवा त्याच्या दहाही बोटांना नीट कळत होता. त्याला ती बोटं तोडून टाकावीशी वाटली.

दादाला घरी आणलं. खालच्या खोलीत खिडकीपाशी खाट लावली. आधी पाय गेले होते, मग हात गेले. धंदा बोकडच बघत होता, गुलाब आणि पाला दोन्ही. दुकानदारांना फरक पडला नाही. पडायचं काही कारणच नव्हतं, गुलाब गेले कित्येक महिने तोच घेत होता. बाजारातून आला की तो खाटेशी बसायचा, दादाला चमच्याने चहा पाजायचा आणि बाजाराच्या गमती सांगायचा. दादा डोळे मिटून ऐकायचा. मधूनच विचारायचा, "गुलाब कसे होते?" बोकड सांगायचा, "मिटलेले." दादा म्हणायचा, "शाबास."

एका दुपारी वहिनी औषध आणायला गेली होती. दादा छताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "ऐक रे. हिला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. मला थंडीतच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"की बोटं गेली. कळी दाबायचो, पण घट्ट आहे का मऊ आहे, काही म्हणजे काही कळायचं नाही. घाबरलो होतो. हिला सांगावं तर रडत बसेल. तुला सांगावं तर तू मला घरी बसवशील, आणि तो कार्नेशनवाला झाला तसं माझं होईल." तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "मग मी मनाशी एक ठरवलं. म्हटलं, दुकानातून एक जरी गड्डी परत आली ना, की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लाजबीज गेली चुलीत. रोज वाट बघायचो. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आली म्हणून. पण नाही. थंडी गेली, उन्हाळा आला, एकही गड्डी परत आली नाही. उलट ती कोपऱ्यावरची बाई कौतुक करून गेली. मग मीच मला हसलो. म्हटलं, बोटांना कळत नसेल, पण हाताला कळतंय. इतक्या वर्षांचा हात, तो काय बोटांवर अवलंबून आहे? मग कशाला जाऊ डॉक्टरकडे?"

बोकडाच्या हातात चहाचा कप होता. त्याने कप खाली ठेवला.

"आता वाटतं जायला हवं होतं," दादा म्हणाला. "पण एक आहे. हात शेवटपर्यंत चुकला नाही. ते काही कुणाला घेता येणार नाही माझ्याकडून." आणि तो हसला. आजारात पहिल्यांदाच असा मोकळा हसला.

"दादा, त्या गड्ड्या..."

"काय त्या गड्ड्यांचं?"

दादाचे डोळे त्याच्यावर होते. सगळं अंग गेलेलं, डोळे तेवढे राहिलेले, आणि त्यांत ते हसू अजून होतं. बोकडाला वाटलं, सांगावं, पाय धरावेत, तो देईल ती शिवी घ्यावी. पण शिवी दिल्यावर दादाजवळ काय उरणार होतं? अंग नव्हतंच. हे एवढंच होतं.

"चांगल्या असायच्या," तो म्हणाला.

"असणारच," दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. गेला तेव्हा झोपेत गेला, वहिनी उशाशी होती. घर माणसांनी भरलं. बाजार आला, दुकानदार आले, गुलाबवाला एवढा मोठा माणूस दारातच बसून पोरासारखा रडला. जो तो एकच बोलत होता, असा हात पुन्हा होणे नाही. कोपऱ्यावरची दुकानवाली बाई वहिनीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी मला एक वाईट फूल दिलं नाही." वहिनी मान डोलवत होती. बोकड भिंतीला टेकून उभा होता आणि प्रत्येक माणसाचं ऐकून घेत होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, भावाचं नाव राख हो. त्याने ते राखलं होतं. त्या नावापायीच तर भाऊ गेला होता.

माणसं पांगली. घरात दोघंच उरली. वहिनीने जेवण वाढलं, दोघांपैकी कुणी जेवलं नाही. ताटं तशीच समोर ठेवून ती म्हणाली, "भावजी, मला एक कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटांना कळत नव्हतं. आणि ही सगळी म्हणतात, एक फूल चुकलं नाही. दोन्ही खरं कसं?"

बोकडाने सांगितलं. पहिल्या क्रेटपासून सांगितलं. काळी टोकं, पाल्याचं पोतं, गुलाबवाल्याने दिलेला सल्ला, दवाखान्याच्या बाकावर बोललेलं खोटं, आणि त्या दुपारी दादा काय म्हणाला तेही. काही सोडलं नाही. सांगून झाल्यावर तो ताटाकडे बघत बसला. वहिनी काहीतरी म्हणेल, घराबाहेर काढेल, निदान ताट तरी भिरकावेल, असं त्याला वाटत होतं. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

तिने एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"कळलं नाही त्यांना?"

"नाही."

ती उठली. दोन्ही ताटं उचलली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून, मागे न वळता म्हणाली, "मग मलाही सांगितलं नाहीत असं समजा."

तिने तो शब्द पाळला. त्याचं जेवणखाण, कपडे, दुखणंखुपणं सगळं ती पूर्वीसारखं बघते. त्याला भावजीच म्हणते. त्या बोलण्याबद्दल पुन्हा कधी एक अक्षर बोललेली नाही. पण घरी कुणीही आलं, पाहुणा असो, दुकानदार असो, दाराशी आलेला पेपरवाला असो, की दादाचा विषय निघतो, आणि वहिनी सांगते, "त्यांच्या हातची शेवटपर्यंत एकही गड्डी परत आली नाही." एवढं बोलून ती थांबते आणि बोकडाकडे वळते. "हो ना हो भावजी?"

आणि बोकड म्हणतो, "हो वहिनी."